विष कुणी ओतलं ते आधी सांगा

१

विष पचवणारा मोठा, ही शिकवण आपल्या देशात फार जुनी आहे. समुद्रमंथनाची गोष्ट सगळ्यांना पाठ. हलाहल निघालं, सगळे घाबरले, शंकरानं ते गिळलं, गळा निळा झाला आणि तो नीलकंठ ठरला. कीर्तनकार इथंच थांबतो. पण त्याच गोष्टीत आणखी एक तपशील आहे. घुसळताना देव वासुकी नागाच्या शेपटीकडं होते आणि असुर तोंडाकडं. नागाच्या तोंडातला विषारी फुफाटा असुरांच्या अंगावर येत होता. तो खात त्यांनी दोर ओढला. अमृत निघालं तेव्हा वाटपात त्यांनाच फसवलं. शंकरानं एकदा विष घेतलं, त्याची गावोगाव देवळं झाली. असुरांनी मंथन संपेस्तोवर विष हुंगलं, त्यांच्या नावानं कुणी दिवाही लावत नाही.

म्हणून मित्रांनो, माझे प्रश्न साधे आहेत. विष सोसण्याची ताकद हा सद्गुण आहे का? असेल, तर ज्याच्यात ती ताकद आहे त्यानंच विष सोसत राहावं, असा नियम त्यातून निघतो का? आणि विष ओतणाऱ्याचं काय? हे तीन प्रश्न आपण घोषणेत उरकतो. मला ते नीट उलगडून बघायचे आहेत, आणि त्यासाठी मी एक जंतू निवडला आहे. हसू नका. हा जंतू सायनाइड खाऊन जगतो.

२

दगडातलं सोनं बहुतेक वेळा डोळ्याला दिसत नाही इतकं बारीक असतं. १८८७ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात जॉन मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी ते काढायची युक्ती शोधली. दगड पिठासारखा दळायचा आणि सायनाइडच्या पातळ पाण्यात भिजवायचा. हवेतला ऑक्सिजन मिळाला की सोनं त्या पाण्यात विरघळतं. मग पाण्यातून सोनं वेगळं करायचं. सोनं तिजोरीत जातं, सायनाइडचं पाणी मागं उरतं. दगडात तांबं, जस्त, निकेल, लोखंडही असतं. सायनाइड त्या धातूंनाही चिकटतं. अशा रीतीनं सुटं सायनाइड आणि धातूला चिकटलेलं सायनाइड, दोन्हींचं मिळून एक पाणी तयार होतं. ते नदीनाल्यात गेलं की मासा जगत नाही.

आता अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात चला. तिथं ब्लॅक हिल्स नावाच्या टेकड्या आहेत. तिथले मूळचे लाकोटा लोक त्यांना पाहा सापा म्हणतात. त्यांची ती पवित्र भूमी. १८६८ च्या फोर्ट लॅरमीच्या तहात अमेरिकन सरकारनं ह्या टेकड्या त्यांच्याच राहतील असं लिहून दिलं. १८७४ साली कस्टर नावाचा अधिकारी फौज घेऊन तिथं गेला, सोनं असल्याची बातमी फुटली, गोऱ्यांची झुंबड उडाली. १८७६ साली लीड ह्या ठिकाणी होमस्टेकचं सोनं सापडलं आणि १८७७ साली सरकारनं कायदा करून टेकड्या काढून घेतल्या. तहाचा कागद कागदच राहिला. आपल्याला हे नवीन नाही. कागदावर हक्क आणि जमिनीवर लाठी, हा अनुभव आपल्याही गावचा आहे.

ती खाण सव्वाशे वर्षं चालली. ८ हजार फूट खोल गेली. तिच्यातून सुमारे ४ कोटी औंस सोनं निघालं. २००२ साली ती बंद झाली. १८७७ ते १९७७ ह्या शंभर वर्षांत दळलेल्या दगडाचा गाळ सरळ व्हाइटवुड नाल्यात आणि त्याला मिळणाऱ्या ओहोळांत सोडला गेला. त्यात आधी पारा होता, पुढं सायनाइड आलं, आणि दगडातलं आर्सेनिक होतंच. शंभर वर्षं कुणाला नाला घाण वाटला नाही. १९७२ साली अमेरिकेत स्वच्छ पाण्याचा कायदा झाला तेव्हा कुठं कंपनीला हिशेब द्यावा लागला.

मग कंपनीच्या टेरी मडर आणि जेम्स व्हिटलॉक ह्या दोघांनी खाणीच्याच सांडपाण्यात शोध घेतला. विषातच जगणारं काही आहे का? होतं. स्यूडोमोनस जातीचा एक जंतू त्या पाण्यात तग धरून होता. त्यांनी तो वेगळा काढला, वाढवला, हळूहळू जास्त विषाला सरावला. १९८४ साली त्याच्या जिवावर शुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला.

३

ह्या कारखान्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. त्यात ४८ मोठी फिरती यंत्रं होती. एका आडव्या दांड्यावर चकत्याच चकत्या बसवलेल्या, अर्ध्या पाण्यात, अर्ध्या हवेत. दांडा सावकाश फिरतो. चकत्यांवर जंतूंचा बुळबुळीत थर चढतो. पाण्यात बुडाला की तो थर विष घेतो, वर आला की हवा घेतो. पहिल्या टप्प्यातले जंतू सायनाइड फोडतात. त्याचा कार्बोनेट होतो आणि अमोनिया होतो. तांबं, जस्त असे धातू सायनाइडपासून सुटतात आणि जंतूंच्या थराला धरून राहतात. पण अमोनियाही माशाला मारतो. म्हणून पुढच्या टप्प्यात दुसरे जंतू असतात, ते अमोनियाचं नायट्रेट करतात. थर जाड झाला की गळून पडतो, तळाशी बसतो, धातूसकट बाहेर काढला जातो. रोज लक्षावधी गॅलन पाणी असं निवळून त्याच नाल्यात सोडलं जाई. पुढं त्या नाल्यात ट्राउट मासा परत आला.

जंतू हे का करतो? पुण्यासाठी नाही, कुणाच्या उद्धारासाठी नाही. सायनाइड म्हणजे कार्बन आणि नायट्रोजन यांची जोडी. जगायला नायट्रोजन लागतो. ज्याला ती जोडी फोडता येते त्याला ते जेवण आहे.

पण तो मरत कसा नाही? इथं नीट लक्ष द्या, पुढचा सगळा मुद्दा ह्यावर उभा आहे. आपल्या पेशीत श्वासाच्या साखळीचं शेवटचं कुलूप लोखंडाचं असतं. ऑक्सिजन तिथं पोचतो तेव्हा पेशी श्वास घेते. सायनाइड त्या लोखंडाला जाऊन चिकटतं आणि कुलूप बंद होतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. माणूस हवेत उभा राहून गुदमरतो. सायनाइडमध्ये जगणाऱ्या कित्येक जंतूंकडं श्वासाची दुसरी वाट असते. एक दार बंद झालं की ते दुसऱ्या दारानं श्वास घेतात. स्पेनमध्ये कोर्दोबा शहरापाशी ग्वादलकिवीर नदीत असाच जंतू मिळाला. तो दागिन्यांच्या कारखान्यांतलं सायनाइडचं पाणी साफ करू शकतो. त्याच्या शरीरात ही दुसरी वाट आहे हे शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे.

आणखी एक गोष्ट. जस्ताला, तांब्याला, निकेलला चिकटलेलं सायनाइड जंतू त्यामानानं सहज फोडतो. लोखंडाला चिकटलेलं मात्र फार चिवट. ते बरंचसं फुटत नाही, नुसतं थराला चिकटून गाळात जातं. लोखंडात बांधलेलं सायनाइड शांत असतं. इतकं शांत की त्यापासून प्रशियन निळा हा सुंदर रंग होतो. सायनाइड हे नावच निळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून आलं आहे. पण पाण्यात विरघळलेल्या लोखंडी सायनाइडवर ऊन पडलं की विष पुन्हा सुटं होऊ लागतं. 'शहरात जात कुठं राहिलीय?' असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगीन. ती बांधलेली आहे, फुटलेली नाही. खोली भाड्यानं मागा, मुलीचा हात मागा. ऊन पडतं आणि सुटं होतं.

४

आता आपल्या घरातली गोष्ट. ह्या जंतूची माहिती ऐकली की आपल्यातल्या कवीच्या हाताला खाज सुटणार. 'आम्हीच ते जंतू, हजारो वर्षं तुमचं विष पचवलं, तुमची गावं स्वच्छ ठेवली' अशी कविता तयार व्हायला वेळ लागणार नाही. टाळ्याही पडतील. माझं म्हणणं आहे, ही उपमा लिहू नका. मी स्वतः कविता लिहितो, उपमेचा मोह मला ठाऊक आहे. पण ही उपमा शत्रूच्या कामाची आहे. का ते सांगतो.

पहिलं कारण श्वासाचं. गटारात, सेप्टिक टाकीत जो वायू साचतो त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. तो वायू पेशीतल्या त्याच कुलपावर बसतो ज्याच्यावर सायनाइड बसतं. त्याच पद्धतीनं मारतो. त्यातही तो कपटी. प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची ताकदच मारतो, म्हणजे वास गेला तेव्हा माणसाला वाटतं धोका टळला. मॅनहोलमध्ये एकजण उतरतो, वर येत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही येत नाही. जंतूच्या शरीरात दुसरी वाट आहे. सफाई कामगाराच्या छातीत ती नाही. त्याच्या बापाच्या छातीत नव्हती, आज्याच्या नव्हती. पिढ्यान् पिढ्या एकाच कामाला जुंपलं म्हणून ती तयार होत नाही. शरीरानं सगळी माणसं एकच आहेत, हे बुद्धानं सांगितलं आणि ह्या वायूनंही सिद्ध केलं. तो ब्राह्मणाला आणि मेहतराला सारख्याच वेळात मारील. फरक एवढाच की ब्राह्मणाला कुणी खाली उतरवत नाही.

म्हणून 'त्यांना सवय असते' हे वाक्य शुद्ध खोटं आहे. सवय ह्या शब्दाचा धंदा मी गिरणीत रोज बघतो. साचेखात्यात नवीन पोरगा येतो, पहिल्या पाळीला कानावर हात ठेवतो. जुना कामगार म्हणतो, होईल सवय. चार-पाच वर्षांत त्याला खरंच त्रास होत नाही. कारण तेवढं ऐकूच येईनासं झालेलं असतं. मुकादम ह्याला सवय म्हणतो. डॉक्टर बहिरेपणा म्हणतो. आपण कुठला शब्द वापरायचा हा नीतीचा प्रश्न आहे.

दुसरं कारण जेवणाचं. जंतूला विष हे अन्न आहे. ते फोडून तो वाढतो, त्याची संख्या दुप्पट होते. माणूस विषात उतरतो तो विष खाऊन जगत नाही, विषात उतरायची मजुरी मिळते तिच्यावर जगतो. मधे एक ठेकेदार आहे, एक भूक आहे, एक जात आहे. ही तीन नावं उपमेत गळून जातात. जंतूचा तो स्वभाव. आपल्यावर तो लादलेला. जातीनं नुसतं काम वाटलं नाही, काम करणारी माणसंच वरखाली कप्प्यांत कोंबली, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडलं. लादलेल्याला स्वभाव म्हणणं हे मनूचं काम. ते आपण आपल्या कवितेत फुकट कशाला करून द्यायचं?

तिसरं कारण मालकीचं. त्या खाणीतल्या जंतूला काय मिळालं? मडर आणि व्हिटलॉक यांची नावं जोडून त्या वाणाचं मडलॉक असं नाव पडलं आणि वाणाचं पेटंट कंपनीच्या नावावर झालं. जंतूची तक्रार नाही, त्याला नावाची गरज नाही. पण जो राबतो त्याच्यावर दुसऱ्याच्या नावाचा शिक्का, ही चाल ओळखीची वाटत नाही का?

५

कुणी म्हणेल, निदान सफाईच्या कामाला मान तरी द्या. मान देणाऱ्यांचा इतिहास बघू. १९३६ साली, बाबासाहेब जात मोडायची भाषा करत होते त्याच वर्षी, गांधींनी 'हरिजन'मध्ये आदर्श भंगी कसा असावा ह्यावर लेख लिहिला. कामाचं कौतुक, सेवेचं कौतुक. फक्त झाडू त्याच्याच हातात राहणार. कौतुकानं झाडूची मूठ घट्ट होते, सुटत नाही.

ह्याच्याशेजारी बुद्धाची गोष्ट ठेवा. सुनीत नावाचा झाडूवाला होता. रस्ता झाडून पोट भरायचा. बुद्ध समोरून आला तेव्हा तो कोपऱ्यात अंग चोरून उभा राहिला. बुद्धानं त्याच्या झाडण्याची महती गायली नाही. त्याला संघात घेतलं. झाडू सुटला, माणूस भिक्खू झाला. बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात ही गोष्ट मुद्दाम घेतली आहे. करुणा कशाला म्हणायचं आणि कौतुक कशाला, ह्यातला फरक तिच्यात आहे.

शुद्धतेबद्दलही थोडं बोलू. २० मार्च १९२७ ला महाडला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मागाहून सवर्णांनी तळं बाटलं म्हणून त्यात शेण, गोमूत्र, दही, दूध मिसळलेल्या घागरी ओतल्या. जंतूंच्या शास्त्राच्या नजरेनं हे बघा. माणसाच्या ओंजळीनं पाण्याचं काहीही बिघडलं नव्हतं. शेणात कोट्यवधी जंतू असतात, त्यांनी तळं खरोखर घाण झालं. शुद्धीकरण म्हणून जे केलं तीच घाण होती. दहा वर्षं कोर्टकचेरी चालली, १९३७ साली हायकोर्टानं आपल्या बाजूनं निकाल दिला. पण प्रश्न उरतोच. विटाळ आणि विष ह्यांची ह्या समाजानं अदलाबदल करून ठेवली आहे. जिथं काही नाही तिथं विटाळ दिसतो. कारखान्याचं पाणी नदीत जातं तिथं विष दिसत नाही, उलट त्याच नदीची आरती होते.

६

मग साफ कोण करणार? हा प्रश्न आपल्याला हमखास विचारतात, जणू उत्तर द्यायची जबाबदारी आपलीच. उत्तर आहे आणि ते ह्याच खाणीत आहे. जो ओततो त्यानं साफ करायचं. होमस्टेकनं शंभर वर्षं केलं नाही. कायद्याचा बडगा आला तेव्हा संशोधन केलं, पैसे घातले, कारखाना बांधला, जंतू शोधला. माणूस उतरवायची वेळच आली नाही, कारण कुणाला उतरवणं परवडणार नव्हतं. आपल्याकडं यंत्र येत नाही त्याचं कारण यंत्र महाग हे नाही. माणूस स्वस्त आहे, हे कारण आहे. हातानं मैला उचलण्याविरुद्ध १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला दुसरा झाला. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं. २०२३ साली रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढली हे बरंच झालं. पण मेल्यावर किती ह्याचा भाव वाढतो आहे आणि जिवंतपणी उतरायचं थांबत नाही, हे कसलं गणित?

आणि पाणी निवळलं म्हणजे न्याय झाला असंही समजू नका. १९८० सालचा जून महिना लक्षात ठेवा. १६ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आनंद चक्रवर्ती ह्या भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञाच्या खटल्यात निकाल दिला की माणसानं घडवलेल्या जंतूचं पेटंट घेता येतं. ३० जूनला त्याच न्यायालयानं दुसऱ्या खटल्यात सांगितलं की ब्लॅक हिल्स घेतल्याबद्दल लाकोटांना भरपाई द्या, १८७७ पासूनच्या व्याजासकट. १० कोटी डॉलरच्या वर रक्कम झाली. टेकड्या परत द्या असं मात्र म्हटलं नाही. लाकोटांनी पैसा नाकारला. टेकड्या विकायला काढल्याच नव्हत्या, मग किंमत कसली, हे त्यांचं म्हणणं. ती रक्कम वाढत वाढत एक अब्ज डॉलरच्या पलीकडं गेली आहे आणि गरिबीत राहूनही त्यांनी तिला हात लावलेला नाही. नाल्यात मासा परत आला. टेकड्या परत आल्या नाहीत. जंतू पाण्यातलं सायनाइड फोडू शकतो, मोडलेला तह सांधू शकत नाही. ते काम माणसांचं.

तेव्हा पहिल्या तीन प्रश्नांची माझी उत्तरं अशी. विष सोसण्याची ताकद हा जंतूच्या शरीराचा गुण आहे, माणसाचा सद्गुण नाही. कुणी सोसतो म्हणून त्यानं सोसत राहावं असा नियम निघत नाही, कारण सोसण्यात संमती नसते. आणि ओतणाऱ्याचा प्रश्न हा शेवटचा नाही, पहिला आहे.

पुढच्या वेळी तुमच्या शहरात मॅनहोलमध्ये माणूस मेला तर मेणबत्त्या नंतर लावा. आधी ठेक्याचा कागद मागा. कुणी उतरवलं, त्याचं नाव लिहा. ज्या इमारतीची टाकी होती तिच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचं नाव लिहा. यंत्र असून आणलं नाही त्या अधिकाऱ्याचं नाव लिहा. पोलीस 'अपघात' लिहायला लागले तर हात धरा आणि कायद्याचं कलम लिहायला लावा. आणि कविता लिहिणार असाल तर त्यात मेलेल्याची सहनशक्ती गाऊ नका. ओतणाऱ्याचं नाव घाला.

जयभीम.